वजडी

क्वार्टर गेटजवळच्या चर्चमागच्या खोलीत
दर बुधवारी चार ते सहा
आम्ही शुभवर्तमान तपासतो.
म्हणजे ते तपासतात. मी मुद्रितं सांभाळते,
पेन्सिलींना टोकं काढते.

आज लूक, पंधरावा अध्याय, विसावं वचन.
मुलगा अजून लांब आहे, बाप त्याला बघतो,
आणि मग ते क्रियापद,
साडेचारपासून सगळे ज्यावर अडलेत.

हनोख रणपिसे सर चष्मा कपाळावर चढवून म्हणाले,
मूळ नाम स्प्लांख्ना.
बळीच्या जनावराचं पोट फाडलं
की हाताला लागतं ते,
काळीज, फुफ्फुसं, आतडी.
कुणी चहाचा कप उचलला नाही.

दया, एकानं सुचवलं. करुणा, दुसऱ्यानं.
तरुणांसाठी सहानुभूती घ्या, म्हणाले काळोखे,
ते बँकेतून निवृत्त झालेत.
सगळे शब्द धुतलेले, इस्त्रीचे,
रविवारच्या कपड्यांसारखे.

मला आठवली भीमपुऱ्यातली आमची मोरी.
आई वजडी उलटी करून
चुना लावून खरवडायची,
सात पाण्यांनी धुतली तरी वास हाताला राहायचा.
शाळेत कुणी विचारलं, काल काय होतं,
तर मी सांगायची, बटाटा.
या टेबलाभोवती निदान तिघांच्या घरी
वजडी शिजली असणार.
तिघांनीही करुणेला मान डोलावली.

शिवाय हे कर्मणी रूप आहे, सर सांगत होते,
बापानं काही केलं नाही, त्याला झालं.
तेव्हा मात्र मला राहवलं नाही.
सर, मराठीत कळवळा कुणी करत नाही,
तो येतो.
पोटात कळ येते ना, तसा.
न विचारता.

अहो, जुन्या प्रतीत तोच आहे की, म्हणाल्या मार्थाबाई
आणि पिवळं पान पुढे सरकवलं.

कुणी लिहिला असेल? खाली नाव नाही.
पण त्या माणसानं कधीतरी वजडी धुतली असणार,
नाहीतर दारात उभं राहून
कुणाची तरी वाट बघितली असणार.

निर्णय पुढच्या बुधवारवर गेला.

मी शिवाजी मार्केटवरून घरी आले.
अर्धा किलो मागितली, किती वर्षांनी,
आणि आवाज खाली न आणता.
घरी पिशवी उघडली तर
पुडी मुद्रितांना टेकलेली,
विसाव्या वचनाचा कोपरा ओला.

तो वाळवून देणार आहे,
पण डाग राहील.