पाय मोडायची की

सकाळी बटण दाबलं तर पंखा फिरला, दिवा लागला,
पडदा मात्र काळाच.
एक लांब बीप. मग काही नाही.
चार्जर काढला, बॅटरी काढली,
तीस सेकंद बटण दाबून धरलं.
सीबीएसच्या गोंगाटात तीस मोजणं सोपं नाही,
एकोणीसला एक वकील विचारून गेला, झेरॉक्स कुठे मिळेल.

मग शालीमार, बेसमेंट, अझीम कोकणी.
त्याने रॅम काढली, खोडरबरने घासली,
फुंकर मारली, परत बसवली. नाही.
कीबोर्डची पट्टी सोडवली
आणि पडदा उजळला.
"मॅडम, एक की दाबलेलीच राहिलीय.
मशीनला वाटतंय कुणीतरी काही सांगतंय,
म्हणून ऐकत बसलंय. पुढे सरकत नाही."
चिमट्याने त्याने 'डी' उचलली.
खाली एक मोहरी,
माझ्याच डब्यातल्या पोह्यांची.

लॅपटॉप सुरू झाला, डी मात्र मेली.
"पार्ट मुंबईहून येईल, गुरुवार धरा.
एका कीवाचून काय अडतंय?"
त्याला कोण सांगणार, मराठीत डी म्हणजे
पाय मोडायची की.
तिच्याशिवाय अक्षराला अक्षर जोडता येत नाही,
सगळी आपापल्या पायांवर
ताठ उभी राहतात.
ज्ञ, त्र, क्ष, श्र तेवढी वाचली,
आकड्यांच्या ओळीत, शिफ्टच्या आडोशाला.
त्यामुळे प्रतिज्ञापत्र जमत होतं.

तीन वाजता गिरणाऱ्याहून बोलेरो आली.
दोन भाऊ, मध्ये बहीण, सुभद्रा पेखळे,
लग्नानंतरची थेटे.
थोरला म्हणाला, हक्कसोड करायचंय,
दीड एकर द्राक्षबाग,
ताईची काही हरकत नाही.
ताई माझ्या स्टुलावर ठेवलेल्या
पाण्याच्या बाटलीकडे बघत होती.

मी टाइप करायला घेतलं.
हकक.
सखखे भाऊ.
आणि 'कोणाच्याही दबावाशिवाय' झाल्यावर
सवखुशीने.
ती वाकून वाचत होती. चौथी शिकली असेल, पाचवी.
बोट पडद्याला न लावता म्हणाली,
"हे सवयीनं असं लिहिलंय का?"
म्हटलं, नाही हो, की बिघडलीय.
"मग हे खरं धरतील का?"
थोरला हसला. धाकट्याने मोबाइल काढला.

खरं तर जुन्या फाइली होत्या.
त्यांत सतरा हक्कसोडपत्रं, अगदी शुद्ध,
सतरा बहिणी, सतरा स्वखुशी.
एकीतला शब्द उचलून इथे चिकटवायचा,
दोन मिनिटांचं काम.
बावीस वर्षं हेच करतेय मी,
नाव बदलायचं, गट नंबर बदलायचा,
खुशी तीच.

मी म्हटलं, "आज नाही होणार."

थोरला शेजारच्या टेबलांकडे बघू लागला,
तिथे सहा टायपिस्ट, सहांच्या सहा डी ठणठणीत.
तेव्हा ती उठली, पदर सारखा केला.
"करीन तर यांच्याकडंच करीन."
एवढंच. बोलेरोत मागे जाऊन बसली.
थोरल्याने माझ्याकडे असं पाहिलं
की मी उगाच चार्जरची वायर गुंडाळायला घेतली.

गुरुवारी अझीमने नवा कीबोर्ड बसवला.
डी इतकी हलकी, की बोट टेकायच्या आत पाय मोडतो.
साडेपाचला फोन. अनोळखी नंबर, मागे ट्रॅक्टरचा आवाज.
"ते मशीन झालं का नीट?"
विचारलं तिनेच,
पण जवळ कोण उभं होतं, कळायला मार्ग नव्हता.

बोट डीवर होतं.
मी म्हटलं, "नाही हो, पार्ट मुंबईतच अडकलाय."

ट्रॅक्टर बंद झाला.

"बरं," ती म्हणाली, "घाई नाही."