मीटरचं कर्ज

बहात्तर हप्त्यांपैकी एकेचाळीस झाले.
फ्रिजच्या दारावर लिहीत नाही मी,
नॉनच्या मैत्रिणी घरी येतात, वाचतात.
कपाटात आतल्या बाजूला, चहाचे मग असतात तिथे
पेन्सिलीच्या रेघा आहेत. चार उभ्या, पाचवी आडवी.

शाळेच्या भटारखान्याचा पगार एक तारखेला येतो,
घरात जरा टेकतो,
आणि दोन तारखेला त्यातले एकशे सदतीस पौंड
लानेथ्लीहून स्वान्सीला जातात,
प्रॉसरसाहेबांच्या ऑफिसात.
तिथे त्यांचे अकरा वाटे होतात.
अकरांपैकी एकाचंही तोंड मी पाहिलेलं नाही.
एकाकडून सोफा घेतला होता, एकाकडून नाताळ,
बाकीच्यांकडून आधीच्यांचे हप्ते.
कोणी फसवलं नाही मला.
सगळ्या सह्या माझ्याच, वळणदार.

वर्षातून एकदा फॉर्म येतो.
खाणं, गॅस, बसभाडं, दात, केस.
केस किती वेळा कापता?
मी लिहिलं: घरीच. पुढचे मी, मागचे मुलगी.
मागचे वाकडे येतात,
पण वाकड्याला फॉर्मात रकाना नाही.
गेथिनने तेरा वर्षांत एकदाही विचारलं नाही
की तुला महिन्याला लागतं काय काय.
प्रॉसरसाहेब विचारतात.
पावत्यांसकट.

जादा काम मिळतं कधीकधी.
पण ठरल्यापेक्षा जास्त आलं तर वरचं निम्मं त्यांचं,
म्हणून आधी कागदावर मांडते
नेमकं किती तास दमायचं ते.

संध्याकाळी सातला सुपरमार्केटात
यवान पिवळ्या चिठ्ठ्या मारत फिरतो.
मी साबणांपाशी उभी राहून
मागची बारीक अक्षरं वाचते, परीक्षा असल्यासारखी.
मेंढीचं मटण तो शेवटी ठेवतो, मी पोचेपर्यंत,
आणि माझ्याकडे बघत नाही.
न बघण्याच्या बऱ्याच तऱ्हा मला माहीत झाल्यात.
त्याची चांगली आहे.

तर डिसेंबरातला तो मंगळवार.
साडेतीनलाच अंधारून आलेलं,
आणि किल्लीवर चालणारा विजेचा मीटर टकदिशी बंद.
किल्लीत काही नाही. पाकिटात बसचे सुटे.
काचेवर अक्षरं उमटली:
बटण दाबा, दहा पौंड उधार घ्या.

बोट पुढे केलं
आणि तसंच ठेवलं हवेत.
परवानगीवाचून नवं कर्ज नाही, असं लिहून दिलंय मी.
एकेचाळीस रेघा, आणि एक बटण.
फोनमध्ये सात टक्के होते. लावला.
प्रॉसरसाहेब बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग म्हणाले, मिसेस बेव्हन,
हे मला आजवर कोणी विचारलेलं नाही.
थांबा. वर विचारून सांगतो.

नॉन आली. आम्ही कोट न काढता जिन्यावर बसलो,
एका पायरीवर दोघी.
ती म्हणाली, फ्रिज गप्प झाला की
घर केवढं मोठं होतं गं.
खरंच झालं होतं.
खाडीवरून पक्ष्यांची भांडणं ऐकू येत होती,
ओहोटीत शिंपल्यांवरून चाललेली.
इतक्या वर्षांत ती घरात बसून ऐकली नव्हती.

सव्वापाचला फोन.
चालेल, ते म्हणाले, हे आम्ही कर्ज धरत नाही.
मागे कोणीतरी हसत होतं, किंवा खोकत.
दाबलं बटण. फ्रिज अंग झाडून उठला.
उद्या किल्ली भरली की मीटर आधी आपले दहा कापून घेईल,
केसांचं काही न विचारता.

रात्री मग काढताना रेघा दिसल्या.
एकतीस उरल्या. मोजून पाहिलं, एकतीसच.
आणि पोटात जे हललं
तो आनंद होता असं म्हणवत नाही.
एकतिसानंतर
मी दातांवर किती खर्च करते, कोणाला हवं असेल?

नॉन, कात्री आण.
मागचे वाढलेत जरा.