पाचव्या दिवसाचं पाणी

विडी घरकुलात नळ येतो पाचव्या दिवशी,
तोही कधी पहाटे तीनला.
म्हणून पिंपं, हंडे, कळशा, रंगाचे रिकामे डबे.
आमच्या घरात माणसांपेक्षा
पाणीच जास्त जागा अडवतं.

पुण्याहून परतल्यावर पहिलं काम केलं ते
टॉर्च घेऊन पिंपात वाकून बघायचं.
वळवळत होत्या अळ्या
स्वल्पविरामांसारख्या.
मी पिंप आडवं केलं.
अम्मा ओरडली, चार दिवसांचं पाणी गं, येडी झालीस काय?
ते गल्लीतून वाहत गेलं यल्लव्वाच्या उंबऱ्यापर्यंत
आणि तिनं झाडूनं अडवून
बादलीत भरून घेतलं.

लवकुमार आतल्या खोलीत.
अकरा वर्षांचा. भुवया आता कुठे उगवतायत.
खिडकीला जाळी, दाराला जाळी, कॉटवर मच्छरदाणी,
आणि तो डास म्हणे दिवसाचा,
उजेडात, चांगल्या पाण्यावर वाढणारा.

माझ्या पेशी त्याच्या हाडांत जाऊन
ब्याण्णव दिवस झाले.
डॉक्टर म्हणाले होते, त्याचा रक्तगट हळूहळू तुझा होईल.
रुजायला उशीर होतोय.
तोवर परक्यांच्या पिशव्या,
एक लाल, दोन पिवळ्या, आठवड्याला.

मंगळवारची पिशवी मल्लेशम गोसकीची.
टॉवेलच्या कारखान्यात दुपारपाळी करतो,
बाबांच्या शेजारच्या मागावर होता.
दीड तास यंत्राला हात देऊन बसला,
म्हणाला, बरं वाटतंय की वो, इथं पंखा तरी आहे.
त्याची कावीळ तपासली, मलेरिया तपासला,
एड्स, गुप्तरोग, हिमोग्लोबिन, वजन.
डेंगी कुणी तपासत नाही.
आणि मंगळवारी तो ठणठणीत होता.

गुरुवारी रात्री त्याचा फोन.
अक्का, अंग तापलंय. हाडं फुटायलीत.
पिशवी चढवली का?

चढवली होती.
बुधवारी दुपारी, दवाखान्यात.
शेवटचा थेंब नळीतून उतरेपर्यंत
मी त्याच्या उशाशी बसून डास हाकत होते.
एक मारलाही. काळा, पायांवर पांढरे पट्टे,
जणू आमच्याच मागावरून उतरलेला.
तळहातावर रक्त उमटलं नाही
म्हणून खूष झाले होते मी.

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला.
कदाचित काहीच होणार नाही, म्हणाले.
पण ताप आला तर तो कुणाचा, ओळखायचं कसं?
त्याच्याशी भांडणाऱ्या माझ्या पेशींचा,
की पिशवीतून आलेला?
प्लेटलेट उतरल्या तर कळावं, तर
ज्याच्या आधीच अकरा हजार
त्याच्या आणखी काय उतरणार?
चौदा दिवस बघू.

अम्मानं रुखवतातली जाड चादर कात्रीनं कापली,
चार तुकडे, चार पिंपं,
सुतळीनं तोंडं आवळली.
एक शब्द बोलली नाही.
मल्लेशम रोज संध्याकाळी फोन करतो:
ताप?
मी सांगते: अठ्ठ्याण्णव.
तो फोन ठेवतो.
चार दिवस माझ्या लक्षातच आलं नाही
की त्याला कुणी विचारलेलं नाही.

पाचव्या दिवशी फोन त्याच्या बायकोचा.
सिव्हिलला ठेवलंय. प्लेटलेट चौदा हजार.
कुणी आहे का देणारं?

नळ आला होता. अर्धा हंडा भरून तसाच ठेवला,
मग परत येऊन त्यावर ताट झाकलं,
आणि गेले.

रक्तपेढीतला पोरगा फॉर्म भरत होता.
गेल्या पंधरा दिवसांत ताप?
नाही.
औषधं? गोंदण? कावीळ?
नाही, नाही, नाही.
डास चावलेत का, ते नाही विचारत? मी म्हटलं.
तो हसला. सोलापुरात राहता ना ताई?
तो रकानाच नाही.

मी बाही वर केली.
कोपराच्या आत, शिरेपासून बोटभर अंतरावर,
लाल, ताजा, खाजरा
एक ठिपका होता.
दोघांनीही तो पाहिला.
त्याचं पेन फॉर्मवर थांबलं.