आरशातला जिना

रे रोडच्या लाकूडबाजारात, वखारीमागच्या बोळात
बाबल मेस्त्रींनी पहिले तीन महिने
मला वळणाच्या जवळ फिरकू दिलं नाही.
नुसती सरळ फळी.
नुसता रंधा,
ढलपी अखंड निघेपर्यंत,
इतकी पातळ की तिच्यातून
बाहेर उभ्या टेम्पोचा लाल रंग दिसावा.
"जेका सरळ येना नाय, तेका वाकडा कसा येतला?"
म्हणाले, आणि चहा बशीत ओतला.

काम भायखळ्याचं होतं.
दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे
जिना चढता चढता डावीकडे वळतो
तिथेच कठडा तुटलेला, दोन हात.
सुतळीने बांबू बांधून ठेवला होता.
ठेकेदार म्हणे, स्टीलचा पाइप टाकू,
दुपारपर्यंत मोकळे.
"पाइप गार लागतो हाताला,"
तिसऱ्या मजल्यावरच्या इंदुताई करंबेळकर एवढंच बोलल्या
आणि भाडेकरूंच्या सभेत तेवढंच टिकलं.

आम्ही जिना जमिनीवर उतरवला,
खडूने, मूळ मापात, दुकानाच्या कोब्यावर.
चहावाला पोरगा रोज चार वेळा
न चढता तिसऱ्या मजल्यावर पोचायचा
आणि कप ठेवून खाली यायचा.

वळण म्हणजे शाळेत अक्षराला असतं ते,
घरी मुलीला लावतात ते.
माझ्या दोन्हींबद्दल तक्रारी होत्या.
इथे वळण म्हणजे
एकाच वेळी वाकायचं आणि चढायचं,
आणि अंगात किंचित पीळ,
ओला टॉवेल पिळायला घेतला
की पहिल्या झटक्यात येतो तेवढाच.

ओंडका सागाचा, कुठल्याशा गिरणीच्या तुळईतला,
खिळ्यांची काळी भोकं अजून अंगावर.
पत्र्याचा फर्मा एकदा वरून आखायचा, एकदा खालून,
खालचा बोटभर सरकवून.
सगळी विद्या त्या सरकवण्यात.
मग करवत. मग वाकस.
मग गोल तळाचा रंधा, मेस्त्रींच्या वडिलांनी
नेरूरला फणसाच्या लाकडातून केलेला.
रेषा उलटली की लाकूड उचकटतं,
त्याच कमानीत अर्ध्यावर थांबून
पलीकडून यावं लागतं.
हे पुस्तकात नसतं असं नाही.
असतं. मनगटात नसतं.

सोळा दिवस.
शेवटचा हात काचेच्या तुकड्याने.
मेस्त्रींनी डोळे मिटून तळवा फिरवला,
एकदा जाताना, एकदा येताना.
"गुळगुळीत," म्हणाले.
मग डोळे उघडले.
मग बराच वेळ काहीच म्हणाले नाहीत.

"आरशातलो जिनो केलंस गो."

फर्मा मी उलट्या बाजूला सरकवला होता.
बोटभरच.
माझा कठडा चढता चढता उजवीकडे वळत होता,
निर्दोष.

मी मनातल्या मनात सागाचे घनफूट मोजत उभी.
त्यांनी भिंतीत खिळा ठोकला,
तुकडा टांगला, बँकेच्या कॅलेंडरशेजारी.
"टाकू नको. मुंबयत खंयतरी
ह्या बाजूक वळणारो जिनो आसतलोच."
आणि बोट दाखवलं, नव्या ओंडक्याकडे.

तो अकरा दिवसांत झाला. बसला.
सांध्यात नख जात नाही.
त्या संध्याकाळी इंदुताई
दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन वर गेल्या.
कठड्याला हात लागलाच नाही.

तेव्हापासून कुठल्याही जुन्या इमारतीत शिरते.
वॉचमन विचारतो, कुणाकडे?
मी मान वर करून बघत असते
जिना कुठे वळतो.
डावीकडे.
डावीकडे.
लिफ्ट.
परवा काळबादेवीत एक उजवा सापडला,
पण त्याचा कठडा शाबूत आहे.
अजून.