दोन्ही बाजूंना गुणून

मानेवाडा रोड, दुसरा माळा, मे महिना.
बाहेर सत्तेचाळीस अंश, अन् फळ्यावरही अंशच:
आर बरोबर चार कॉस थीटा.
याला एक्स-वायमध्ये आणा, म्हटलं,
तर सोळा माना खाली. बोलतोय तो कूलर,
खडखड, खडखड.

हे समीकरण रस्ता सांगतं ते असं:
इतकं वळ, मग नाकासमोर इतकं चाल.
आमच्या ले-आउटमध्ये ते जमत नाही.
इथे पूर्वेला चार प्लॉट, उत्तरेला दोन,
गल्ल्या गुण्या लावून आखलेल्या,
तिरपं जायचं तर कुणाच्या तरी कंपाउंडवरून उडी.

"दोन्ही बाजूंना आरने गुणा," मी म्हणालो.
आर वर्ग म्हणजे एक्स वर्ग अधिक वाय वर्ग,
आर कॉस थीटा म्हणजे नुसता एक्स.
थीटा गेला,
मागे चपलासुद्धा न ठेवता.

मागच्या बाकावरची रोशना उईके उठली.
"सर, अन् आर शून्य असला तर?
शून्यानं गुणून
काही जास्तीचं घुसून नाही राहिलं का?"

तेवीस वर्षं ही ओळ लिहितो, पुसतो.
हे कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.
खडू बोटांत फिरवत राहिलो.

तेवढ्यात जिन्यावरून तिचे वडील आले,
खांद्यावर खसच्या ताट्या, खिशात पाना.
कूलर बंद करून, जाळी काढून,
पातं एका बोटानं फिरवून पाहिलं.
"सेंटर सरकलं मास्तर. म्हणून वाजून राहिला."

मी फळ्याकडे पाहिलं.
एक्स वजा दोन, त्याचा वर्ग,
अधिक वाय वर्ग, बरोबर चार:
दोन घरं उजवीकडे जाऊन बसलेलं वर्तुळ,
आरंभबिंदूला नुसतं खेटून जाणारं.

"नव्वद अंशांवर कॉस शून्य," रोशना स्वतःशीच,
"म्हणजे तो बिंदू आधीपासून होताच.
आपण नाही घातला."

वडिलांनी नट आवळला, मान वर न करता.
"काय होतं आधीपासून?"
"झिरो, बाबा."
"झिरो तर बर्डीवर हाय ना पोरी, दगडाचा."

सगळा वर्ग हसला. ती पण.

मग पंखा सुरू झाला. आवाज नाही.
एवढी वर्षं त्याच्यावरून बोलायची सवय,
पुढचं समीकरण मी
उगाच ओरडून सांगितलं.