उलटे आटे

आधी बॅटरी काढायची.
हे नोलबेर्तोने मला एकदाच सांगितलं होतं,
अर्धी उरलेली दोन बोटं समोर धरून.
दुसऱ्यांदा सांगायची वेळ आली नाही.

बॅटरी काढली.
कास्त्रोच्या खाडीला भरती लागलीय,
खांबांवरच्या घराखाली पाणी चुळा भरतंय.
ड्रिल मांडीवर घेऊन बसलेय,
चक डुगडुगतो, म्हाताऱ्याच्या दातासारखा.
बिट कितीही आवळलं तरी त्याचं टोक हवेत
वाटाण्याएवढं वर्तुळ काढत राहतं.
अशा टोकाने भोक पाडायचं कसं?
आणि भोक न पाडता खिळा ठोकावा
तर अलेर्सेचं जुनं लाकूड उभं तडकतं.
पश्चिमेची भिंत निम्मी उघडी आहे. ऑगस्ट अजून बराच बाकी.

जबडा पुरता उघडला. तीन दात आत सरले.
तळाशी, विहिरीत पडलेल्या नाण्यासारखा,
एक स्क्रू.
डावीकडे फिरवला.
सगळं डावीकडेच सुटतं ना:
बरण्यांची झाकणं, गॅसची टोपी, इंजिनाचे नट.
हा सुटेना.
जोर लावला, शिवी दिली, पुन्हा जोर लावला.
डोक्यावरची खाच झिजायला लागली
तेव्हा थांबले.

दोन वर्षं मी त्याच्याशी बोलले नव्हते.
बाबांची बोट त्याने सॅमनवाल्यांना विकली,
एका सोमवारी, मला न विचारता.
आता ती माशांच्या खाद्याची पोती वाहते.
आचाओचा नंबर बोटांना पाठ होता.

"एर्सिरा," तो म्हणाला. प्रश्न नव्हता तो.
मी म्हटलं, "चकातला स्क्रू."
पलीकडे कुत्रं भुंकलं, किटली उतरवल्याचा आवाज आला.
"आटे उलटे आहेत त्याचे. आवळतेस तसा फिरव."
"असं कशाला करतात?"
"ड्रिल उलटं चालवलं की चक सुटून पळायला बघतो.
तो जितका सुटायला बघतो
तितका हा स्क्रू आवळला जातो."
मग बराच वेळ दोघंही गप्प.
"बॅटरी काढलीस?"
"काढली."
त्याने फोन ठेवला.

उजवीकडे.
कट्. बोट मोडल्यासारखा एकच आवाज,
आणि स्क्रू निमूट वर आला, आट्यांत वाळलेला निळा गोंद घेऊन.
मग जाड अ‍ॅलन की जबड्यात धरली,
गिअर एकवर, ड्रिल बाकावर दाबून
कीच्या दांड्यावर हातोडा.
पहिल्या घावाला काही नाही.
दुसऱ्याला शेजारच्या ओताविया बाईंनी खिडकी उघडली.
तिसऱ्याला चक हलला, बाकीचा हातानेच निघाला.
उघडा दांडा इतका बारीक होता
की मला उगाच नजर वळवावीशी वाटली.

नवा चक पुएर्तो मोंतच्या बसने आलेला,
मोज्यात गुंडाळून.
तो सरळ आट्यांवर बसवला, कचकून.
मग स्क्रू, निळ्या गोंदाचा एक थेंब लावून,
सोडल्यासारखा फिरवत
आवळला.

बॅटरी चढवली. बटण दाबलं.
बिट फिरतंय आणि टोक जागच्या जागी,
जणू फिरतच नाही.
पहिल्या फळकुटाला भोक पाडलं: गोल, स्वच्छ,
लालसर भुसा मनगटावर सांडला.

थंडीत त्याची ती अर्धी बोटं ठणकतात.
विचारायचं राहिलं.

फळकुटं अजून दोनशे बारा आहेत.