वाजवी

हत्ते सिक्युरिटीज, औसा रोड, दुसरा मजला.
मन्मथअप्पा हत्ते, व्यवस्थापकीय संचालक : वर्षाला एक कोटी दहा लाख.
चिरंजीव ओजस, संशोधन प्रमुख : चौसष्ट लाख.
सौ. महानंदा, अनुपालन अधिकारी : सहा.

कायदा विचारतो एवढंच,
नात्यातल्याला दिलेला पगार वाजवी आहे का.
वाजवी म्हणजे केवढा, ते सांगत नाही.
शब्द माझ्या टेबलावर ठेवून निघून जातो,
सोयऱ्यानं पिशवी ठेवून जावी तसा.

गंजगोलाईत माठ घेताना आई
कानाशी धरून टिचकी मारायची.
ठण्ण वाजला तर घरी.
भद्द वाजला तर कुंभारीण काही म्हणो, खाली.
मला वाटायचं, वाजवी हा शब्द तिथूनच आलाय.
नसेलही. मी वाणिज्य शाखेची.

तर वाजवून पाहिलं.
अप्पा : बाजार उघडायच्या आधी खुर्चीत.
तुरीचे आडते, शिकवणीवाले सर, निवृत्त तलाठी,
सगळे त्यांच्या शब्दावर पैसे लावतात.
पडत्या बाजारात फोन बंद ठेवला नाही कधी.
पुण्याच्या दोन पेढ्यांचे आकडे मागवले. जवळपास तेवढेच.
ठण्ण.

ओजस : मुक्काम बाणेर. लातूरला सणावारी.
संशोधन दाखवा म्हटलं,
तर नऊ पानं आली, त्यातली चार अनुक्रमणिकेची.
‘विचार करायचे पैसे असतात, मॅडम.’
असतील. चाळीस लाख नामंजूर.

मग महानंदाबाई आल्या, तीन खोकी घेऊन.
प्रत्येक ग्राहकाची सही, प्रत्येक तक्रार, नियामकाचं प्रत्येक पत्र
सुतळीनं बांधलेलं, तारीखवार.
वाकडा सौदा त्यांनी दोनदा अडवला होता;
एकदा ओजसचाच.
कसोटी साधी : हेच काम परक्यानं केलं असतं, तर किती दिले असते?
मी हिशेब केला. अठरा. कमीत कमी.

पण कलमाला एकच कान आहे.
जास्त झालं तेवढं त्याला ऐकू येतं.
न दिलेले बारा लाख
कुठल्या रकान्यात भरू?

त्या म्हणाल्या, ‘आमचं राहू द्या, घरचंच आहे.’
खोकी उचलायला शिपायाला हाक मारली,
तोवर दोन त्यांनी उचललीही होती.

आदेशात लिहिलं : सहा लाख, वाजवी.
पेन खाली ठेवलं
आणि टेबलाला उगाच एक टिचकी मारली.
सरकारी लाकूड. भद्द.